मान नसलेल्यांची बाजू

वाल्मीकींच्या अरण्यकांडात सीतेला शोधत निघालेल्या राम-लक्ष्मणांना कबंध आडवा येतो. त्याला डोके नाही आणि मानही नाही. छातीत एकच डोळा, पोटात तोंड आणि योजनभर लांब हात. एका जागी बसून तो हात पसरतो आणि हाताला लागेल ते ओढून पोटातल्या तोंडात कोंबतो. रामायणात विचित्र देहांचा तुटवडा नाही; पण पुष्कळांचे वैचित्र्य जास्तीचे आहे. रावणाला दहा डोकी आहेत, आणि ती त्याच्या बळाबरोबर त्याच्या विद्येचीही खूण मानली जातात. कबंधाचे डोके मात्र इंद्राच्या वज्राने धडात दडपलेले आहे. तो त्याला झालेला दंड आहे. डोकी वाढली तर वैभव, डोके धडात गेले तर अधोगती, हा हिशेब आपल्याला इतका सहज पटतो की तो मुळात कोणी मांडला हे विचारायचे सुचत नाही. या लेखाचे म्हणणे असे की तो शरीरशास्त्राने मांडलेला नाही. डोके वर, धड खाली आणि मधे मान ही प्राणिसृष्टीतल्या अनेक मांडण्यांपैकी एक आहे. ती सर्वांत जुनी नाही आणि तिच्यावाचून कोणाचे अडलेलेही नाही. तिच्यात ‘वरच्याने राज्य करावे, खालच्याने राबावे’ हा अर्थ माणसाने घातला, आणि ज्या देहात ही रेघ सापडत नाही त्याला राक्षस ठरवले.

ही रेघ ओढण्यामागचा हेतू प्लेटोने ‘तिमेयस’ या संवादात उघडपणे सांगितला आहे. देवांनी आत्म्याचा अमर, विवेकी भाग डोक्यात ठेवला; राग, भय, भूक हे मर्त्य भाग धडात ठेवले; आणि खालच्याचा विटाळ वरच्याला होऊ नये म्हणून मधे मान घातली. म्हणजे मान ही सोवळे आणि ओवळे यांच्यामधली हद्द झाली. आपल्याकडे वेताळाच्या एका कथेत हाच न्याय दिसतो. ‘कथासरित्सागरा’त ही कथा आहे: एका स्त्रीच्या हातून नवऱ्याचे आणि भावाचे शिर चुकून एकमेकांच्या धडावर बसते, आणि आता नवरा कोणता असा पेच वेताळ राजाला घालतो. राजा क्षणभरही अडखळत नाही. डोके हे सर्व अंगांत श्रेष्ठ, तेव्हा नवऱ्याचे डोके ज्याच्या धडावर तोच नवरा, असा निवाडा तो देतो. पण या बाबतीत प्राचीनांचे एकमत होते असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहिता शिराला उत्तमांग म्हणते आणि चेतनेचे स्थान मात्र हृदयात मानते. अॅरिस्टॉटलने विचार आणि संवेदना हृदयाला दिल्या आणि मेंदूकडे शरीर थंड ठेवण्याचे काम सोपवले. एकाच देहाकडे पाहून इतके वेगळे निष्कर्ष निघत असतील, तर देह स्वतः कोणाच्याच बाजूने साक्ष देत नव्हता. प्रत्येकाने आपल्याला हवी ती उतरंड त्याच्यावर लिहिली.

उतरंड लिहिल्यावर तिच्याबाहेरचे लोकही लागतात. हिरोडोटसने लिबियाच्या पश्चिमेकडच्या रानात छातीत डोळे असलेली बिनडोक्याची माणसे राहत असल्याची ऐकीव गोष्ट नोंदवली. थोरल्या प्लिनीने त्या माणसांना ‘ब्लेम्मी’ हे नाव चिकटवले. हे नाव कल्पनेतले नव्हते. नाईल आणि तांबडा समुद्र यांच्या मधल्या वाळवंटात त्या नावाची खरीखुरी जमात राहत होती आणि ती पुढे रोमन सैन्याशी लढलीही. १३००च्या सुमारास इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या जगाच्या नकाशावर हे छातीत चेहरा असलेले लोक आफ्रिकेच्या कडेला रंगवले गेले. १५९५ साली वॉल्टर रॅली सोन्याच्या शोधात दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला गेला, तेव्हा तेच लोक तिथेही ‘आढळले’. त्याने स्वतः पाहिले नाहीत, पण ऐकले ते छापले. नकाशा जसजसा भरत गेला तसतसे हे लोक पुढच्या कोऱ्या जागेत सरकत गेले. यातून त्या प्रदेशांविषयी काही कळत नाही. ज्यांना आपण ओळखत नाही, किंवा ज्यांची जमीन आपल्याला हवी आहे, त्यांच्यात विवेकाची जागाच नाही असे म्हणण्याची ही सोय होती, एवढे कळते.

या परंपरेतच तिला छेद देणारे दोन आवाज आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. संत ऑगस्टीनने ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथात अशा विचित्र जमातींचा प्रश्न घेतला. मान नसलेल्या, खांद्यात डोळे असलेल्या माणसांची चित्रे कार्थेजमध्ये होती, त्यांचाही त्यात उल्लेख आहे. असे लोक खरोखर असतील किंवा नसतील. पण जो कोणी विचार करू शकणारा मर्त्य जीव म्हणून जन्मला तो मनुष्यच, त्याचा आकार काहीही असो, असे उत्तर त्याने दिले. विवेक कुठे राहतो यापेक्षा विवेक आहे का, हा प्रश्न त्याने मुख्य मानला. दुसरा आवाज चीनचा. ‘शानहायजिंग’ या प्राचीन ग्रंथातला शिंगत्यान देवाधिदेवाशी लढतो, हरतो आणि त्याचे शिर उडवले जाते. तो स्तनाग्रांचे डोळे करतो, बेंबीचे तोंड करतो आणि ढाल-कुऱ्हाड घेऊन नाचतच राहतो. कबंधाचाच हा देह, पण चिनी परंपरेत तो पुढे न खचणाऱ्या जिद्दीची खूण झाला. एका संस्कृतीत जो आकार भुकेचा पुतळा ठरतो तोच दुसरीत बंडखोरीचा ठरतो. म्हणजे अर्थ आकारात नसतो.

आता कथा बाजूला ठेवून खऱ्या प्राण्यांकडे वळू. कोळंबी सोलताना जो पुढचा भाग आपण ‘डोके’ म्हणून मोडून टाकतो, त्यात मेंदू आणि डोळे तर असतातच, पण हृदय, जठर, कल्ले आणि यकृताचे काम करणारी ग्रंथीही असते. उरते ती मुख्यतः पोहायला लागणारी स्नायूंची शेपटी. या एकसंध भागाला प्राणिशास्त्रात शिरोवक्ष म्हणतात. खेकड्यात ही रचना टोकाला गेली आहे. त्याच्या रुंद कवचाखाली डोळे, तोंड, मेंदू, हृदय, कल्ले आणि पायांची मुळे सगळे एका छपराखाली नांदतात, आणि पोटाचा उरलेला भाग एका पातळ पट्टीसारखा खाली दुमडलेला असतो. तो रुंद की अरुंद यावरून मादी आणि नर ओळखतात. कबंधाच्या पोटात दातांचे तोंड होते याचे ज्यांना नवल वाटते त्यांनी खेकड्याचे जठर पाहावे. त्यात खरोखरच कठीण दात असतात आणि अन्नाचे बारीक दळण तिथेच होते. हे दळण चालवणारा चेतापेशींचा गुच्छ मेंदूपासून वेगळा, जठरालगत असतो आणि त्यात जेमतेम तीसेक पेशी असतात. लयबद्ध हालचाल चेतासंस्था कशी निर्माण करते, याविषयी विज्ञानाला जे कळले त्यातला मोठा वाटा खेकडे आणि शेवंड यांच्या या पोटातल्या ‘शहाणपणा’तून आला आहे. आणि हा आकार काही निसर्गाची चूक म्हणून एकदाच घडून गेला असेही नाही: लांबट देहाच्या पूर्वजांपासून खेकड्याचा आटोपशीर देह किमान पाच वेळा स्वतंत्रपणे घडला आहे.

कोळ्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्याच्याही देहात हद्द आहे, पण ती मानेच्या जागी नसून कमरेला आहे. पुढच्या शिरोवक्षात मेंदू, डोळे, विषग्रंथी आणि आठही पाय. मागच्या उदरात हृदय, श्वसनाचे अवयव आणि जाळ्याचा धागा. प्लेटोच्या देवांनी कोळी घडवला असता तर विवेक आणि पाय एकाच दालनात ठेवल्याबद्दल त्यांना खुलासा द्यावा लागला असता. त्याची अन्ननलिका मेंदूच्या मधूनच जाते; घास आणि विचार यांची वाटच एक आहे. पनामात झालेल्या अभ्यासात असे दिसले की सर्वांत चिमुकल्या कोळ्यांमध्ये चेतासंस्था शरीरातली ऐंशी टक्क्यांपर्यंत जागा व्यापते आणि ओसंडून पायांतही शिरते. ‘पोर्शिया’ नावाचा उड्या मारणारा कोळी भक्ष्याकडे जाण्यासाठी लांबचा वळसा निवडतो आणि वाटेत भक्ष्य दिसेनासे झाले तरी मार्ग सोडत नाही. मान वळवता येत नाही, म्हणून या कोळ्यांच्या मुख्य डोळ्यांतली भिंगे जागच्या जागी राहतात आणि आतला दृष्टिपटलच स्नायूंनी इकडे-तिकडे फिरतो. मान ज्यासाठी लागते ते काम त्यांनी डोळ्याच्या आत उरकून घेतले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळणारा हॉर्सशू क्रॅब हा नावाने खेकडा असला तरी कोळ्या-विंचवांचा नातलग. त्याचे डोळे पाठीच्या ढालीवर आहेत, तोंड पोटाच्या बाजूला पायांच्या मधोमध आहे, आणि पायांच्या मुळांशी असलेल्या काट्यांनीच तो अन्न चावतो. ही रचना चाळीस कोटींहून अधिक वर्षे टिकून आहे. त्याहून पुढची गोष्ट तारामाशाची. २०२३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवले की इतर प्राण्यांत डोक्याकडचा भाग घडवणारी जनुके तारामाशाच्या साऱ्या शरीरभर कार्यरत असतात आणि धड घडवणारी जनुके त्याच्या बाह्य देहात जवळजवळ दिसतच नाहीत. जनुकांच्या भाषेत तो रांगणारे डोकेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही सारी ‘खालच्या’ प्राण्यांची उदाहरणे आहेत; कणा असलेल्यांची गोष्ट वेगळी. पण मान ही कणा असलेल्यांतही उशिरा आली. माशाला मान नसते. हाडांच्या माशांत खांद्याची हाडे कवटीलाच जोडलेली असतात आणि हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे असते. २००४ साली कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘टिक्टालिक’चे जीवाश्म मिळाले. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्यात खांदा कवटीपासून सुटलेला आहे, म्हणजे मानेची सुरुवात दिसते. उथळ पाण्यात धड न हलवता डोके फिरवता येणे हा त्याचा लाभ. मान आली ती वळण्यासाठी. विवेकाला भुकेपासून दूर ठेवण्याशी तिचा काही संबंध नव्हता. आणि हा इतिहास आपल्या प्रत्येकाच्या देहात पुन्हा गिरवला जातो. मानवी गर्भात हृदयाची घडण सुरू होते ती डोक्याच्याही पुढच्या टोकाला. चौथ्या आठवड्यात गर्भ दुमडतो तेव्हा ते चेहऱ्याखाली येते, आणि त्या काळात हनुवटीची जागा हृदयाच्या फुगवट्याला टेकलेली असते. मान नंतर लांबते आणि हृदय खाली सरकते. म्हणूनच स्वरयंत्राला जाणारी डावी चेता सरळ न जाता छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते आणि परत वर येते. म्हणूनच श्वासपटल पोटाच्या तोंडाशी असूनही त्याची चेता मानेतून निघते. आयुष्याचे काही आठवडे आपण सगळेच बिनमानेचे असतो, आणि त्या एकत्र संसाराच्या तारा आपल्यात कायमच्या राहतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्क्रांतीत ज्ञानेंद्रिये आणि चेतापेशी शरीराच्या पुढच्या टोकाला एकवटत गेल्या हे खरेच आहे; जो प्राणी एका दिशेने चालतो त्याला पुढे काय आहे हे आधी कळावे लागते. तेव्हा डोके हा योगायोग म्हणता येणार नाही. हे मान्य करायलाच हवे. पण एकवटणे आणि वेगळे होणे या दोन गोष्टी आहेत. खेकडा आणि कोळी यांच्यातही मेंदू पुढेच आहे. त्यांनी त्याला स्वतंत्र खोली दिली नाही, इतकेच. त्यामुळे त्यांचे काही बिघडले असेही दिसत नाही. कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. कीटकांना स्वतंत्र डोके आहे आणि त्यांच्या जाती कोळ्यांहून कितीतरी जास्त आहेत, हेही खरे. पण त्यावरून एवढेच ठरते की दोन्ही मांडण्या चालतात. मानेची किंमतही मोजावी लागते. शिकारी प्राणी झडप घालतो ती नरड्यावर, कारण श्वास, अन्न, रक्त आणि मज्जारज्जू यांच्या वाटा तिथे एका अरुंद जागेत आलेल्या असतात. वळता येण्याच्या बदल्यात आपण हा धोका पत्करला. हा सौदा आहे, बढती नव्हे.

तिसरा आक्षेप कायद्याचा आणि वैद्यकाचा. मेंदू मेला की माणूस मेला असे आज आपण मानतो. हृदय चालू असले तरी अवयव काढता येतात. मग अखेर वेताळाच्या कथेतल्या राजाचाच निवाडा खरा ठरला ना? मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा कायदा नीट वाचला तर तसे दिसत नाही. केंद्रशासित प्रदेशांबरोबर आरंभी तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांना लागू झाला. त्याने मृत्यूची कसोटी लावली ती मस्तिष्कस्तंभाला. कल्पना, स्मृती, गणित, काव्य हे ज्या वरच्या थरात घडते त्याची ही कसोटी नाही. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या मधला दुवा. जागेपण, श्वास आणि देहाशी असलेली देवाणघेवाण तिथून चालते. तपासणीत डॉक्टर पाहतात ते रुग्ण आपणहून श्वास घेतो का आणि बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, हे. म्हणजे कायद्याने जीव शोधला तो डोके आणि धड जिथे जोडले जातात तिथे. वरचा थर पूर्ण गेला आणि श्वास चालू राहिला, तर त्या माणसाला कोणी मृत म्हणत नाही. बाकीचा पुरावाही याच दिशेचा आहे. मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेतले बहुसंख्य तंतू प्रत्यक्षात पोटाकडून वर बातमी नेतात. हुकूम खाली नेणारे थोडे. ऑक्टोपसच्या सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात. मेंदूचे महत्त्व यातून कमी होत नाही. तो एकटा राजा आणि बाकी सारी रयत, हे चित्र मात्र टिकत नाही.

चौथा आक्षेप सांगतो की हे सगळे रूपक आहे. रूपकाला शरीरशास्त्राने कशाला झोडपायचे? कारण हे रूपक कधीच नुसते रूपक राहिले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांना चार वर्ण जोडले गेले आणि शतकानुशतके त्याचा उपयोग सामाजिक निवाड्यासाठी झाला. इंग्लंडच्या जॉन ऑफ सॅलिस्बरीने ११५९ साली राज्याला देह मानून राजाला डोके, सैनिकांना हात आणि शेतकऱ्यांना पाय ठरवले. असे रूपक मोडायची रीत महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी दाखवून दिली. १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी ब्रह्मदेवाच्या मुखातून झालेल्या जन्माची गोष्ट जशीच्या तशी खरी धरली आणि मग गर्भ, विटाळ, बाळंतपण यांचे सरळ शारीरिक प्रश्न विचारले. रूपक देहाचा आधार सांगते ना, मग देहाच्या नियमांना उत्तर द्यावे, ही त्यांची मागणी होती. ती आजही चोख आहे. तिची गरज पुढेही संपली नाही: १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतीयांच्या डोक्यांची आणि नाकांची मापे घेऊन जातींची पायरी त्या मापांवरून उलगडते असा दावा केला. डोक्याला श्रेष्ठ मानले की कोणाचे डोके श्रेष्ठ हे मोजायला कोणीतरी पट्टी घेऊन येतोच.

शेवटचा आक्षेप मनाच्या बाजूचा आहे: छातीत चेहरा पाहून अंगावर काटा येतो, तो काही प्लेटोने शिकवलेला नाही. हे खरे असते तर लहान मुलांना तो आधी यायला हवा होता. प्रत्यक्षात ती अशाच देहांवर जीव लावतात. लुईस कॅरलच्या १८७१च्या पुस्तकात अॅलिसला हम्प्टी डम्प्टीने बांधले आहे तो कमरपट्टा की गळपट्टी हेच कळत नाही, आणि त्यात विनोद आहे, भीती नाही. १९८०चा पॅकमॅन म्हणजे खाणारे तोंड फक्त. २००१च्या ‘मॉन्स्टर्स इन्क.’मधला माइक म्हणजे हातपाय फुटलेला एक डोळा. वर्णनाने पाहिले तर दोघेही कबंधाचे भाऊबंद, आणि दोघेही लाडके. मोठा चेहरा आणि नसल्यासारखी मान ही तान्ह्या बाळाची ठेवण आहे. कॉनराड लोरेंझ यांनी १९४३ साली मांडले होते की अशी ठेवण पाहून मोठ्यांच्या मनात माया जागते. तेव्हा भीती आकारातून येत नाही, सोबतच्या गोष्टीतून येते. वाल्मीकींनीही कबंधाला सरळ खलनायक केलेले नाही. मोडक्या देहाने खाऊ कसे, असे त्याने विचारले तेव्हा इंद्रानेच त्याला लांब हात आणि पोटातले तोंड दिले. गरजेतून घडलेला तो देह आहे. हात तोडल्यावर तो शुद्धीवर राहून आपली हकिकत नीट सांगतो. मात्र सुग्रीवाशी सख्य करण्याचा सल्ला, ज्याच्यावर पुढचे सारे युद्ध उभे राहते, तो देतो ते चितेतून दिव्य रूप घेऊन उठल्यावरच. म्हणजे कवीनेही शहाणपण बोलण्याआधी त्याला सुबक देह परत दिला. ही सवलत कथेला द्यावी. तिला पुरावा समजू नये.

जीवशास्त्राकडून राज्यशास्त्र उसने घेणे धोक्याचे असते, आणि खेकड्यावरून लोकशाही सिद्ध होते असे म्हणणे पुरुषसूक्तावरून वर्णव्यवस्था सिद्ध करण्याइतकेच पोकळ ठरेल. इथे मागणी एवढीच आहे की उलट्या बाजूचा दाखलाही रद्द व्हावा. कारखान्यात, पक्षात, संस्थेत किंवा घरात ज्यांना वरची जागा हवी आहे त्यांनी ती आपल्या कामाने, जबाबदारीने आणि जाब देण्याच्या तयारीने मिळवावी. ‘आम्ही डोके, तुम्ही हातपाय’ या बोलण्याला निसर्गाचा आधार नाही. ते जिथे ऐकू येईल तिथे त्याच्याकडे पुरावा मागावा, आणि पुरावा देता आला नाही तर ते बोलणे अमान्य करावे.